दुसऱ्याच्या नावाने पुस्तक लिहून देणे: काम, करार आणि पैसे

कोराकागद

नमस्कार मंडळी.

दैनिकातलं उपसंपादन आणि दिवाळी अंकांसाठी मुलाखती यांच्या पुढे जाऊन आत्मकथनं, गौरवग्रंथ, संस्थांचे इतिहास लिहून देण्याचं काम पूर्णवेळ करायचा विचार आहे. इंग्रजीत याला घोस्टरायटिंग म्हणतात, आपल्याकडे 'लिहून देतो' एवढंच म्हणतात.

पहिलं मोठं काम समोर आहे. सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत आयुष्य घातलेल्या एका आजोबांचं आत्मकथन हवं आहे. डेमी आकाराची साधारण 200 पानं, सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमात प्रकाशन, हातात सात महिने. बोलणी मुलाशी चालू आहेत आणि "तुम्हीच आकडा सांगा" असं ते म्हणतात. आजोबा कोल्हापुरी बोलतात, स्मरण चांगलं आहे, पण एकाच दमात चार विषय येतात.

माझे प्रश्न असे. 200 पानांसाठी किती तास बोलणं ध्वनिमुद्रित करावं? एकूण किती वेळ लागेल आणि आकडा कशावरून काढावा? करारात काय असलंच पाहिजे? आणि पुस्तकावर माझं नावच नसेल तर पुढचं काम कोण देणार?

दौत

आधी पानांचं गणित. डेमीच्या पानावर मराठी मजकूर साधारण 250 ते 275 शब्द बसतो. 200 पानांतून फोटो, कोरी पानं, अर्पणपत्रिका वजा केल्या तर 45 ते 50 हजार शब्द लिहायचे आहेत. माणूस सावकाश आठवत बोलतो तेव्हा तासाला 6,000 शब्दांच्या आसपास बोलतो. म्हणजे आठ तासांत पुस्तक झालं असं वाटेल, पण तसं होत नाही. तीच गोष्ट तीनदा येते, मधे फोन येतो, चहा येतो, नातवाच्या लग्नाचा विषय निघतो. 20 तासांच्या बोलण्यातून सव्वा लाख शब्द हाती येतात आणि त्यातून 50 हजार शब्दांचं पुस्तक निघतं. त्यामुळे दीड तासाच्या 13-14 बैठका धरा. ऐंशीच्या माणसाला दीड तासाच्या पुढे बसवू नका. शेवटच्या अर्ध्या तासात उत्तरं आखूड होत जातात आणि तीच पुस्तकात उतरतात. सकाळची वेळ सगळ्यांत बरी.

दोन यंत्रांवर ध्वनिमुद्रण करा. एक मोबाइल, एक छोटा रेकॉर्डर. मोबाइल विमान मोडवर, नाहीतर कॉल आला की मुद्रण थांबतं आणि ते अर्ध्या तासाने लक्षात येतं. टेबलावर घडी घातलेला टॉवेल ठेवून त्यावर यंत्र ठेवलं तर कपबशीचा आवाज दणका देत नाही. अंतर हातभर. शक्य असेल तर छताचा पंखा बंद, कारण त्याची घरघर आवाजाखाली सतत राहते आणि नंतर यंत्राकडून मजकूर उतरवून घेताना तीच सगळ्यांत जास्त त्रास देते. डब्ल्यूएव्ही फाइल तासाला 300 एमबीच्या पुढे जाते. 128 केबीपीएसची एम4ए फाइल तासाला 60 एमबीच्या आत राहते आणि बोलण्यासाठी ती पुरते. त्याच दिवशी घरी जाऊन दोन वेगळ्या ठिकाणी प्रत करा. फाइलचं नाव तारीख आणि बैठक क्रमांकाने द्या. 'आजोबा नवीन 2' असली नावं चौथ्या महिन्यात रडवतात.

आता प्रश्न कसे विचारायचे. "तुमचा जन्म कुठे झाला?" या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर येतं. त्याऐवजी कोरा कागद पुढे करून घराचा नकाशा काढायला सांगा. दार कोणत्या दिशेला, गोठा कुठे, चूल कुठे, आजी कुठे झोपायची, पाणी कुठून यायचं. हात कागदावर फिरायला लागला की माणसं आपोआप घरात येतात. कारखान्याचंही तसंच: गव्हाणीपासून (ऊस टाकतात तिथून) सुरुवात करून पोतं शिवण्यापर्यंत चालत न्या. दुसरी युक्ती म्हणजे फोटोंची एक पूर्ण बैठक. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने क्रमांक टाका आणि डावीकडून उजवीकडे नावं ध्वनिमुद्रित करून घ्या. ही नावं आज सांगणारा एकच माणूस आहे.

उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पाच-सहा सेकंद गप्प राहा. खरी गोष्ट बऱ्याचदा त्यानंतर येते.

चार विषय एका दमात येतात म्हणालात, त्याला अडवू नका. वहीत डाव्या बाजूला वेळ लिहून (उदा. 00:23 विहीर) सुटलेला धागा टिपा आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या धाग्याने करा. मधेच "आपण विहिरीबद्दल बोलत होतो" म्हटलं की माणूस स्वतःवर पहारा ठेवून बोलायला लागतो आणि मग बोलीच जाते.

आणि बोली हेच या कामाचं मर्म आहे. वाचताना मुलीला 'हे दादाच बोलतायत' असं वाटलं पाहिजे. त्यासाठी पहिल्या दोन बैठकांतून त्यांच्या शब्दांची वेगळी वही करा. त्यात धंद्याचे शब्द (गाळप, उतारा, मोळी, उचल, मुकादम, टोळी), घरातले शब्द, आणि वाक्य सुरू करायच्या-संपवायच्या लकबी लिहा. कोणी "त्याचं असं झालं" म्हणून सुरू करतो, कोणी "मग काय!" म्हणून संपवतो. बोलण्यात ही लकब पानाला दहा वेळा येते, छापताना दोन-तीन पानांना एकदा पुरे. जास्त झाली की नक्कल वाटते. निवेदन साध्या बोलीमराठीत आणि संवाद अस्सल कोल्हापुरीत ठेवले तर 200 पानं सहज वाचता येतात. सगळंच निवेदन बोलीत ठेवायचं तर ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखं राखावं लागतं, आणि ज्याच्या कानात ती बोली लहानपणापासून नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. 'आलतो', 'व्हतो', 'न्हाई' कुठे येतं आणि कुठे येत नाही हे व्याकरण वाचून जमत नाही.

तिसऱ्या बैठकीनंतर 1,500 शब्दांचं एक प्रकरण लिहा आणि त्यांना वाचायला न देता तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. ते कुठे मान हलवतात, कुठे "असं मी म्हणनार न्हाई" म्हणतात ते टिपा. सूर इथे पक्का झाला नाही तर 50 हजार शब्द लिहून झाल्यावर तो पक्का होत नाही, आणि अशी कामं बहुतेक तिथेच मोडतात.

सातबारा

दौत यांनी कामाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. पहिली बैठक करण्याआधी करार. 'घरचीच माणसं आहेत, नंतर बघू' हे चालत नाही, कारण सात महिन्यांनी त्या घरात तीन भाऊ आणि दोन जावई बोलायला लागतात.

बऱ्याच जणांना वाटतं की गोष्ट आजोबांची म्हणजे कॉपीराइट आजोबांचा. कायद्याचं तसं नाही. कल्पना, आठवणी, घटना यांवर कॉपीराइट नसतो, त्यांना ज्या शब्दांत मांडलं त्या मांडणीवर असतो. इंग्लंडमध्ये 1937 मध्ये डोनोह्यू नावाच्या प्रसिद्ध घोडेस्वाराच्या खटल्यात हेच ठरलं: आठवणी त्याने सांगितल्या होत्या, पण लेखांची भाषा पत्रकाराची होती, म्हणून लेखक पत्रकार ठरला. शब्दशः सांगितलेलं टिपून घेणाऱ्या लघुलेखकाची गोष्ट वेगळी, तो लेखक होत नाही. तुम्ही टिपत नाही, तुम्ही रचता.

भारतात कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 17 बघा. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर पहिला मालक नोकरी देणारा. स्वतंत्रपणे फी घेऊन लिहिलं तर, वेगळा करार नसेल तेव्हा, पहिला मालक लिहिणारा. म्हणजे कागद केला नाही तर हक्क तुमच्याकडे आणि पुस्तक त्यांच्या नावावर, अशी अडचणीची अवस्था होते. त्यांनाही ती नको असते, म्हणून करार हा त्यांच्याही फायद्याचा आहे असंच मुलाला सांगा.

हक्क सोपवणं (कलम 18 व 19) लेखी आणि सही केलेलंच लागतं. त्यात कृती कोणती, कोणते हक्क (छापील, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, चित्रपट), किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती हे यायला हवं. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. नातवंडं परदेशात असतील आणि तिकडे आवृत्ती काढायची असेल तर ही एक राहिलेली ओळ पुढे डोकेदुखी होते. सोपवलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत जातो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. कार्यक्रम लांबला तर हे लागू पडू शकतं, म्हणून तेही लिहून टाका.

कलम 57 निराळं आहे. हक्क विकले तरी 'मी लेखक आहे' असं म्हणण्याचा लेखकाचा खास अधिकार उरतो. म्हणून त्यांच्या बाजूचा चांगला वकील 'लेखक श्रेयावर दावा करणार नाही' असं कलम टाकायला सांगेल. टाकू द्या, पण त्याच्या शेजारी तुमचं एक वाक्य घाला: अमुक प्रकारचं, इतक्या पानांचं काम केलं एवढं नाव न घेता सांगण्याची मुभा राहील, आणि भावी ग्राहकाला खासगीत दाखवण्यासाठी एक संदर्भपत्र मिळेल.

बाकी न विसरण्यासारखं:

दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या फीमध्ये, तिसरीपासून तासाप्रमाणे. दुरुस्त्या सुचवणारा माणूस एकच, त्याचं नाव करारात. हे नसेल तर मोठ्या सुनेने काढलेला परिच्छेद धाकटा मुलगा परत घालायला सांगतो.

ग्राहकाचं मध्येच निधन झालं किंवा स्मरण गेलं तर काय? ऐंशीच्या माणसाबाबत हे कलम लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहाच. तोवर झालेल्या टप्प्याचे पैसे, ध्वनिमुद्रणाची मालकी कुटुंबाकडे, आणि पुढे चरित्र म्हणून पूर्ण करायचं की थांबायचं हे ठरवणारा माणूस कोण.

मजकुरातल्या विधानांची जबाबदारी सांगणाऱ्याची. याने तुम्ही पूर्ण सुटत नाही, पण नोटीस आली तर खर्च कोणाचा हे ठरलेलं राहतं.

आणि हक्क सोपवणं 'शेवटचा हप्ता मिळाल्यावर' लागू होईल, हे शब्द. सही दोघांची, साक्षीदार दोन, मुद्रांक कितीचा ते वकिलाला विचारून. सही आजोबांचीही घ्या, फक्त मुलाची नको. पुस्तक त्यांच्या नावाने येणार आहे.

हिशेबनीस

आकडा असा काढा.

ध्वनिमुद्रण 20 तास. ते उतरवायला हाताने एका तासाला पाच तास, म्हणजे 100. आराखडा आणि प्रकरणांची मांडणी 25. लेखन तासाला 300 शब्द धरले तर 50 हजारांना 165 तास. तारखा-नावांची तपासणी 30, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या 50, मुद्रितं (प्रुफं) तपासणं 20. बेरीज 410 तास. आठवड्याला 25 तास दिले तर साडेसोळा आठवडे, प्रवास वेगळा.

तासाचा दर बाजारात शोधू नका, घरखर्चातून काढा. महिन्याला 40 हजार हवे असतील तर महिन्याचे 200 तास धरून भागू नका. स्वतंत्र काम करणाऱ्याच्या महिन्यात पैसे देणारे तास 100 च्या आसपासच असतात, बाकीचे काम शोधण्यात, प्रवासात, फोनवर जातात. 40,000 भागिले 100, म्हणजे 400 रुपये. 410 गुणिले 400, म्हणजे 1,64,000, अधिक प्रवास. हा तुमचा तळ. याखाली काम घेतलं तर तुम्ही पदरचे पैसे घालून त्यांचं पुस्तक लिहिता. यावर किती वाढवायचं ते ग्राहक आणि घाई पाहून ठरवा. मुलाला सांगताना एकच रक्कम सांगा, तासांचा तक्ता स्वतःकडे ठेवा.

शब्दावर दर लावू नका. या कामात सव्वा लाखाचे 50 हजार करणं हेच कसब आहे. शब्दाला दर असेल तर जो चांगलं कापतो त्यालाच कमी पैसे मिळतात.

फीऐवजी मानधनात वाटा देऊ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. 1,000 प्रतींची आवृत्ती, किंमत 300, लेखकाला 10 टक्के, सगळी विकली गेली तरी 30,000 रुपये होतात. त्यातला अर्धा वाटा 15,000. शिवाय सहस्रचंद्रदर्शनाचं पुस्तक विकलं जात नाही, पाहुण्यांना दिलं जातं. तिथे वाटा कशाचा?

हप्ते: पहिल्या बैठकीआधी 30 टक्के, नमुना प्रकरण आणि आराखडा मान्य झाल्यावर 20, पूर्ण पहिला खर्डा दिल्यावर 30, अंतिम फाइल देण्याआधी 20. शेवटचा हप्ता 'प्रकाशनानंतर' कधीच नाही. प्रकाशन पुढे जातं, सभागृह मिळत नाही, प्रमुख पाहुणे बदलतात, आणि तुमचे पैसे मंडपाच्या बिलाबरोबर रांगेत उभे राहतात. खर्डा पीडीएफमध्ये द्या, बदल करता येणारी फाइल शेवटच्या हप्त्यानंतर.

पैसे संस्थेकडून येणार असतील (कारखाना, शिक्षणसंस्था) तर व्यावसायिक शुल्क म्हणून 10 टक्के टीडीएस कापून येतील. एका वर्षात 50 हजारांपर्यंत तो कापत नाहीत, ही मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 30 हजारांवरून वाढली. पॅन दिला नाही तर 20 टक्के कापतात. कापलेला कर तुमच्या नावावर जमा दिसतो का ते आयकर पोर्टलवर दर तिमाहीला बघा, संस्था भरायला उशीर करतात. घरगुती ग्राहक सहसा टीडीएस कापत नाही, मग आगाऊ कराची जबाबदारी तुमची. जीएसटीची नोंदणी वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावर.

कोराकागद

इतकं नेमकं लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी अजून विचारतो.

उतरवण्याचे 100 तास फार वाटतात. मोबाइलच्या मराठी श्रुतलेखनावर किंवा एखाद्या यंत्रावर भागेल का?

आणि मूळ प्रश्न राहिला. नाव नाही, तर पुढचं काम कसं मिळवायचं? 'शब्दांकन' म्हणून नाव मागणं योग्य आहे का, की त्याने ग्राहक बिथरतो?

रेघोटी

उतरवण्याबद्दल. यंत्रावर काम होतं, पण 100 चे शून्य होत नाहीत, 50 च्या आसपास होतात. एका तासाचा मजकूर ऐकत ऐकत दुरुस्त करायला अडीच तास लागतात. प्रमाण मराठीला ठीक चालतं. कोल्हापुरी, वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी आली की यंत्र ते बोलणं 'शुद्ध' करून टाकतं: 'न्हाई'चं 'नाही', 'आलतो'चं 'आलो होतो'. वाचताना काही चुकलंय असं वाटत नाही, पण दौत यांनी म्हटलेली शब्दांची वही त्यातच मरते. म्हणून पहिल्या चार बैठका हाताने उतरवा. कान तयार होतो. पुढच्या यंत्रावर टाका, पण मूळ आवाज शेजारी चालू ठेवून.

कोणत्याही फुकटच्या संकेतस्थळावर ध्वनिफीत चढवू नका. एखाद्याने भावाशी झालेल्या वाटणीबद्दल सांगितलेलं असतं. करारात गोपनीयतेवर सही केलेली असते. यंत्राची मदत घेणार असाल तर कोणती आणि कुठवर, हे ग्राहकाला आधी सांगून लेखी मान्यता घ्या. ॲमेझॉनच्या केडीपीवर (आपलं पुस्तक आपणच प्रकाशित करायची सेवा) ई-पुस्तक चढवताना मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केला आहे का हे आता विचारतात, आणि ते उत्तर ग्राहकाच्या नावाने दिलं जातं. त्याला माहीत नसलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालायची नाही.

मुद्रितखूण

नावाचं. मराठीत इंग्रजीपेक्षा एक सोय जास्त आहे, ती म्हणजे 'शब्दांकन'. मुखपृष्ठावर आजोबा, आतल्या शीर्षकपानावर लहान टाइपात 'शब्दांकन: अमुक'. वाचकाला यात काही वावगं वाटत नाही. उलट कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाने एकट्याने 200 पानं लिहिली यापेक्षा त्याने सांगितली आणि कोणी नीट मांडली, हे जास्त विश्वासार्ह वाटतं. ग्राहक बिथरतो तो मागणीमुळे नाही, मागणी उशिरा आल्यामुळे. पहिल्याच बोलण्यात तीन पर्याय ठेवा: शीर्षकपानावर शब्दांकन, ऋणनिर्देशात 'संपादनसाहाय्य', किंवा कुठेही नाव नाही. तिसऱ्याची फी जास्त ठेवा आणि कारणही सांगा: नाव नसलेलं पुस्तक पुढचं काम आणून देत नाही, त्याची ती किंमत. बहुतेक कुटुंबं पहिला नाहीतर दुसरा पर्याय घेतात.

पूर्णवेळ करायचं तर मात्र फक्त पुस्तकांवर विसंबू नका. वर्षाला अशी दोन, फार तर तीन पुस्तकं नीट होतात, आणि दोन पुस्तकांमधल्या महिन्यांत भाडं थांबत नाही. डॉक्टर, सीए, बांधकाम व्यावसायिक यांचं महिन्याला 800 शब्दांचं सदर, संस्थाचालकांची भाषणं, उद्योजकांच्या लिंक्डइनवरच्या नोंदी, शाळा-बँकांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका ही कामं दर महिन्याच्या ठरावीक रकमेवर घ्या. भाषणाचा हिशेब वेगळा: मिनिटाला 100 ते 110 शब्द, म्हणजे दहा मिनिटांना 1,000 ते 1,100. लेखी वाक्य भाषणात तोकडं करावं लागतं, एका श्वासात संपलं पाहिजे.

पुढची कामं वाचकांकडून येतच नाहीत. ती येतात छापखान्यातून, डीटीपी करणाऱ्याकडून (संगणकावर पानं लावणाऱ्याकडून), छोट्या प्रकाशकाकडून. 'साहेबांना पुस्तक काढायचंय पण मजकूर असा आहे' असं म्हणत वहीचे फाटके कागद आधी त्यांच्या टेबलावर पोचतात. तुमच्या जिल्ह्यातल्या अशा आठ-दहा जणांना भेटा. सोबत 1,500 शब्दांचे तीन नमुने ठेवा: एक बोलीतलं आत्मकथन, एक संस्थेचा इतिहास, एक व्यावसायिक सदर. नमुन्यासाठी ग्राहक लागत नाही. गावातल्या निवृत्त पोस्टमनला, दाईला, बँडवाल्याला बोलतं करा, लेखी परवानगी घ्या आणि लिहा. दिवाळी अंकासाठी द्यायचं असेल तर जून-जुलैत संपादकांशी बोला, ऑगस्टनंतर पानं भरलेली असतात. तिथे 'शब्दांकन' म्हणून छापलेलं नाव हा तुमचा उघड पुरावा.

एक काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नये: प्रबंध लिहून देणं. आत्मकथनात वाचकाला सांगणाऱ्याचं आयुष्य हवं असतं आणि ते त्याचंच असतं. पीएचडीत पदवी मिळते ती स्वतः केलेल्या अभ्यासाला, तिथे दुसऱ्याने लिहिणं ही सरळ फसवणूक आहे. भाषा तपासून देणं वेगळं, तेही मार्गदर्शकाला माहीत असेल तर.

दौत

मुद्रितखूण यांच्याशी एका बाबतीत असहमत. तिसऱ्या पर्यायाची फी वाढवावी हे मान्य, पण राजकारणातल्या आणि मोठ्या उद्योगातल्या ग्राहकांसमोर पर्यायच ठेवू नये. तिथे गुप्तता हाच माल आहे. असा माणूस एकदा निश्चिंत झाला की पुढची भाषणं, लेख, ओळखीतली कामं सगळी तुमच्याकडे येतात. कुटुंबाच्या पुस्तकाला शब्दांकन मागा, नेत्याच्या पुस्तकाला मागू नका.

आता तपासणीच्या 30 तासांबद्दल, कारण हेच तास सगळे वाचवायला बघतात.

माणूस घटना विसरत नाही, वर्ष विसरतो. म्हणून वर्ष विचारू नका, मोठ्या घटनेच्या अलीकडे की पलीकडे ते विचारा. पानशेत 12 जुलै 1961, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967, दुष्काळ 1972, आणीबाणी 25 जून 1975, किल्लारी 30 सप्टेंबर 1993. "भूकंप झाला तेव्हा लग्न झालेलं होतं का?" याचं उत्तर लगेच आणि बरोबर येतं. पैशांचंही तसंच: नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, त्याआधीची मजुरी आण्यांत असणार. 1952 सालच्या प्रसंगात '50 पैसे' आले तर बोलणाऱ्याने नकळत आजच्या भाषेत सांगितलंय. '1972 ला सुकडी खाल्ली' असं कोणी म्हणालं तर ते जुळतं, दुष्काळी कामांवर सुकडी मिळायची.

संस्थेच्या गोष्टींना स्मरण पुरत नाही. कारखान्याचे वार्षिक अहवाल आणि संचालक मंडळाची इतिवृत्तं मागा. पहिला गाळप हंगाम, टनांचा आकडा, अध्यक्षांची कारकीर्द हे त्यांतूनच घ्या. आठवण आणि इतिवृत्त जुळलं नाही तर आजोबांना कागद दाखवा, परस्पर बदलू नका. कधीकधी इतिवृत्तात नसलेलं भांडण त्यामुळेच आठवतं.

आणि भांडणं आली की बदनामीचा प्रश्न येतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 356 लागू आहे. लक्षात ठेवायची गोष्ट ही की मृत व्यक्तीबद्दलचं विधानही, त्याने जवळच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर, त्यात येऊ शकतं. 'तो आता गेला, आता लिहायला हरकत नाही' हे खरं नाही. नाव गाळून 'तत्कालीन अध्यक्ष' लिहिल्याने काही साधत नाही, त्या तालुक्यात तत्कालीन अध्यक्ष एकच होता. हाताशी ठराव, निकाल, नोटीस असा कागद असेल तर तेवढंच लिहा. नसेल तर आरोप काढा आणि त्या प्रसंगात आजोबांवर काय बेतलं ते ठेवा. वाचकाला तेच जास्त भिडतं आणि नोटीस यायची शक्यताही कमी होते.

रेघोटी

छपाईचं राहिलं. फाइल देण्याआधी डीटीपीवाल्याला एक चाचणीपान पाठवा. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिणार, तो अजूनही जुन्या फॉन्टमध्ये काम करत असेल तर रूपांतरात ठरावीक अक्षरं फुटतात. पानात दुसऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, ॲडव्होकेट, बँक, क्लृप्ती, उत्कृष्ट, शृंगार, अर्घ्य हे शब्द मुद्दाम घाला. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं तर 200 पानांत शेकडो ठिकाणी होणार. 'केलं' की 'केले', 'तिथं' की 'तिथे' हेही लिहायला बसतानाच ठरवा, तिसऱ्या मुद्रिताला नाही. पुस्तक 16 पानांच्या फॉर्ममध्ये छापतात, म्हणून 200 ऐवजी 192 किंवा 208 धरून चाला. शेवटची आठ पानं कोरी राहिली की कोणीतरी त्यात अभिनंदनाच्या जाहिराती भरतो.

मुद्रितांना चार आठवडे, छपाई-बांधणीला तीन ते चार. म्हणजे सात महिन्यांपैकी तुमच्या हातात पाचच. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) हवा असेल तर तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. अर्ज तिसऱ्या महिन्यात टाकायला सांगा.

सातबारा

कोराकागद, सगळ्यात आधी एक करा. कार्यक्रमाची तारीख कशावरून काढली ते विचारा. हजार पौर्णिमा हिशेबाने 80 वर्षं 10 महिन्यांनी भरतात, पण घरोघरी ऐंशी पूर्ण झाल्यावर किंवा 81 व्या वर्षी कधीही करतात. आणि त्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख गुरुजींनी घातलेली असते. तुमच्या आजोबांच्या कागदावर 1 जून असेल तर पत्रिका, धाकटी बहीण किंवा गावातला समवयस्क यांच्याकडून खरा महिना काढून घ्या. एक तर पुस्तकाचं पहिलंच वाक्य त्यावर उभं राहणार आहे. दुसरं म्हणजे चौथ्या महिन्यात कोणी थोरली आत्या "दादाचा जन्म चैत्रातला" म्हणाली आणि कार्यक्रम दोन महिने अलीकडे आला, तर वरचं सगळं वेळापत्रक कोसळतं. करारात हस्तलिखित देण्याची तारीख लिहा, आणि कार्यक्रम अलीकडे ओढला तर ती बदलायला तुमची लेखी संमती लागेल असंही लिहा.